रेणापूरकरहो, नवरात्राआधी बोळ मोकळे करा



नवरात्र तोंडावर आलं आहे. मांडव, रोषणाई, महाप्रसाद, बंदोबस्त यांच्या बैठका होतील. रेणुकामातेच्या दर्शनरांगेसाठी बांबू बांधले जातील. या सगळ्याच्या आधी एक काम उरकायला हवं, आणि ते कुठल्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर नसतं. देवळाकडे जाणाऱ्या आणि देवळापासून बाहेर पडणाऱ्या पायवाटा कोणत्या, त्यांतल्या किती उघड्या उरल्या आहेत, हे एकदा चालून पाहायला हवं. जे बोळ मिटलेत ते उघडायला हवेत. दोन आठवड्यांत होणारं काम आहे, पैसा फारसा लागत नाही. मन मात्र थोडं मोठं करावं लागेल, कारण आपल्या गावातले बोळ कुणी परक्याने येऊन बुजवलेले नाहीत.

देवस्थानाभोवती गर्दी वाढली की पहिली मागणी ठरलेली असते: रस्ता रुंद करा. मग मोजणी होते, घरांच्या भिंतींवर लाल रंगाच्या खुणा पडतात, दोन्ही बाजूंच्या लोकांची झोप उडते, आणि पाच-सात वर्षांनी जो रुंद रस्ता मिळतो त्याच्या दोन्ही कडांना दुचाक्या लागतात. चालायला उरते तेवढीच जागा, जेवढी आधी होती. माझं म्हणणं स्पष्ट आहे. चालणाऱ्या माणसाला एका रुंद रस्त्यापेक्षा चार उघड्या वाटा जास्त उपयोगाच्या. देवळाभोवती तर जीव वाचवणाऱ्या.

नाशिकची आठवण करा. २७ ऑगस्ट २००३, सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या शाही स्नानाचा दिवस. पंचवटीत सरदार चौकातून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद, उताराच्या गल्लीत लोक दाटले. पुढे अडथळा, मागून रेटा, बाजूला निसटायला जागा नाही. तीसहून अधिक भाविक गेले. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, २५ जानेवारी २००५ ला, साताऱ्याच्या मांढरदेवला काळूबाईच्या यात्रेत तेच घडलं, कितीतरी मोठ्या प्रमाणात. चढणीची पायवाट, दोन्ही बाजूंना दुकानांची दाटी, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि वर जाणारे नि खाली येणारे एकाच वाटेवर. अडीचशेहून अधिक माणसं दगावली. पुढे न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली. या दोन्ही ठिकाणांबद्दल आपण सवयीने ‘गर्दी अनावर झाली’ असं म्हणतो. गर्दी तिथे दरवेळी येतच होती. त्या दिवशी तिला दुसरी वाट नव्हती.

आपल्याकडे काही पंचवटीएवढी गर्दी होत नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण चेंगराचेंगरीला लाखांची गरज नसते. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर चालता येतं, पाच झाली की पावलं अडखळतात, आणि सहा-सातच्या पुढे माणूस स्वतःच्या मर्जीने हलू शकत नाही. गर्दी नेईल तिकडे जातो. ही स्थिती एखाद्या बोळाच्या तोंडाशी तीन-चारशे माणसांतही येऊ शकते. सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ऐंशी माणसं सुरळीत जाऊ शकतात, असा जगभरचा गर्दी-नियोजनाचा हिशेब आहे. पायऱ्यांवर त्याहून कमी. आता दोन मीटरच्या गल्लीत भिंतीलगत एक मोटारसायकल लावून पाहा. गल्लीची ताकद निम्म्यावर येते. त्यात एखाद्याने ओट्यापुढे पत्र्याची पडवी काढली, नालीवरची फरशी फुटलेली राहिली, की उरलेली निम्मीही अर्धी होते. नकाशात मात्र ती गल्ली दोन मीटरचीच राहते.

चार मीटरचा एक रस्ता आणि दोन-दोन मीटरच्या दोन गल्ल्या, कागदावर दोन्ही सारखंच. प्रत्यक्षात नाही. एकच रस्ता असेल तर पुढे कुठे कुणी पडलं, चप्पल शोधायला वाकलं, की मागचे सगळे थांबतात. आणि सर्वांत मागच्याला काय झालंय ते दिसत नाही, म्हणून तो ढकलत राहतो. दोन गल्ल्या असतील आणि त्यांना जोडणारे आडवे बोळ उघडे असतील, तर अडकलेली गर्दी बाजूने पाझरून जाते. जुन्या गावठाणांत हे आडवे बोळ ठायी ठायी असत. पाणी भरायला, गुरं न्यायला, सुनेला चावडीसमोरून न जाता मागच्या दाराने माहेरच्या माणसाला भेटायला. गर्दीचं नियोजन म्हणून कुणी ते ठेवले नव्हते. पण नेमके तेच सगळ्यात आधी मिटतात. दोन घरांची भांडणं मिटवताना मधला बोळ वाटून घेतला जातो, कुणी न्हाणीघर काढतं, कुणी लाकडं रचतं, कुणी लोखंडी फाटक लावून ‘रहदारीसाठी नाही’ अशी पाटी टांगतं. दरवेळी कारण पटण्यासारखंच असतं. पण अशा वीस पटणाऱ्या कारणांनी गावाचा श्वास अडतो.

रस्त्यांच्या जाळ्याचं महत्त्व समजून घ्यायला आपल्याला लांब जायला नको. वीसेक किलोमीटरवर लातूरची गंजगोलाई आहे. निजामाच्या राजवटीत, १९१७ साली, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला. मधली दुमजली गोल इमारत १९४५ ची. मध्यभागी अंबाबाईचं मंदिर आणि तिथे मिळणारे सोळा रस्ते. आपल्या कितीतरी पिढ्यांनी लग्नाचा बस्ता, सोनं, गूळ, मिरची, चपला तिथूनच आणल्या. एकेका रस्त्यावर एकेका जिनसाचा बाजार बसला, आणि आपोआप गर्दीची वाटणी झाली. सोन्याला जाणारा गुळाच्या गर्दीत अडकत नाही. वाट चुकलेला खेडूत कुठूनही निघाला तरी फिरून गोलाईवर येतो. शंभरहून अधिक वर्षांनंतर, शहर कितीतरी पट वाढल्यावर, हातगाडे, ॲपे आणि दुचाक्यांचा एवढा मारा सोसून तो बाजार अजून चालतो, याचं श्रेय त्या सोळा तोंडांना आहे. तिथे चारच रस्ते असते तर बाजार केव्हाच बायपासवर गेला असता.

गंजगोलाईत दोषही आहे. मधलं देऊळ वाहनांच्या वर्तुळात अडकलं आहे. म्हाताऱ्या माणसाला अंबाबाईपर्यंत जायचं तर आधी तो फिरता लोंढा पार करावा लागतो. लंडनच्या ट्रफाल्गर चौकाची हीच गत होती. चारही बाजूंनी गाड्या, मधोमध नेल्सनचा स्तंभ, आणि लंडनचे लोक चौकाच्या कडेकडेने निघून जात. मधून कुणी फिरकत नसे, तिथे असत ते बहुतेक पाहुणे. लंडन विद्यापीठात बिल हिलियर आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं माणसं कुठून चालतात याचा नकाशांवरून आणि प्रत्यक्ष मोजून अभ्यास करत होते. त्यांचं सांगणं असं की, माणसं कुठून जातील हे दुकानं किंवा देखावे ठरवण्याआधी रस्त्यांची एकमेकांशी असलेली जोडणी ठरवते. कमी वळणं लागतील आणि पुढचं दिसेल, अशी वाट माणूस धरतो. त्या अभ्यासाच्या आधारे २००३ मध्ये चौकाची उत्तरेकडची बाजू वाहनांना बंद झाली आणि मधोमध रुंद पायऱ्या बांधल्या गेल्या. चौक मधून ओलांडणाऱ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. नवं स्मारक नाही, कमान नाही, रंगीत कारंजं नाही. एक वाट जोडली, एवढंच.

उलटं उदाहरणही आपल्याच भागात आहे आणि ते लिहिताना हात जड होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारी, सास्तूर आणि आसपासची पन्नासेक गावं नव्या जागी वसवली गेली. घरं मजबूत मिळाली, ते कौतुकाचंच. पण नवी गावं फूटपट्टी लावून चौकटीत आखली होती: सरळ, रुंद, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते, मोठमोठे प्लॉट. जुन्या गावठाणात देवळापासून पारापर्यंत, पारापासून मठापर्यंत चार पावलांचं अंतर होतं. नव्या गावात शेजारी लांब गेला आणि मे महिन्याच्या दुपारी त्या रुंद रस्त्यांवर सावलीचा तुकडाही नव्हता. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, बायका-म्हाताऱ्यांचं सहज बाहेर पडणं कमी झालं. रुंदी म्हणजे सोय नव्हे, हे लातूर जिल्हा इतकी मोठी किंमत देऊन शिकला आहे. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात अरुंद गल्लीतली घरांची सावली हीच आपली पदपथाची पहिली सोय आहे.

नांदेडचं चित्र संमिश्र आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी जिथे देह ठेवला, तिथे महाराजा रणजितसिंगांनी सचखंड गुरुद्वारा बांधवला. गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी, २००८ मध्ये, केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेचा मोठा निधी शहराला मिळाला. रस्ते झाले, भोवतालचा परिसर मोकळा झाला. दसऱ्याला, होळीला निघणाऱ्या हल्लाबोलच्या मिरवणुकीला त्याचा फायदा झाला, यात वाद नाही. पण जुन्या वस्तीतली सावली, दारात बसायचे ओटे, दोन मोहल्ल्यांना जोडणाऱ्या बारक्या वाटा यांचाही त्यात बळी गेला. पंढरपुरात आज देवळाभोवतीच्या नियोजित कॉरिडॉरवरून महाद्वाराच्या परिसरातले व्यापारी आणि रहिवासी जे बोलत आहेत, त्यात दुकान जाण्याची भीती आहेच. शिवाय प्रदक्षिणेच्या वाटेवरचं गाव हरवण्याची काळजीही आहे. या वादात मी पूर्णपणे कुणाच्याच बाजूचा नाही. आषाढीची गर्दी खरी आहे आणि ती जुन्या गल्ल्यांना झेपत नाही, हेही खरं. माझा आग्रह एवढाच की पाडण्याआधी मोजावं. आहे त्या वाटा पूर्ण उघडल्यावर किती गर्दी सामावते, हे पाहिल्याशिवाय एकाही घरावर लाल खूण पडू नये.

आणि रेणापूर अजून त्या वळणावर पोचलेलं नाही. आपल्याकडे नगरपंचायत आहे; विकास आराखडा, रुंदीकरण, सिमेंट रस्ते, गट्टू हे शब्द आता रोजचे झालेत. लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरची वाहतूक वाढतच जाणार. पिंपळफाट्यावर उतरणारी माणसं वाढणार. आज जे बोळ दोरीने मोजून मोकळे करता येतात, ते दहा वर्षांनी कोर्टात मोजावे लागतील. म्हणून घाई आहे.

काय करायचं ते आता सांगतो.

आपापल्या दारातून निघा आणि देवळापर्यंत चाला. रोजच्या वाटेने नको, लहानपणी ज्या वाटेने जायचात तिने. ती कुठे अडते, ते कागदावर लिहा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत घ्या; बंद झालेल्या वाटा त्यांनाच आठवतात. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि घटस्थापनेच्या दिवशी, सकाळी आरतीच्या वेळी आणि संध्याकाळी, देवळाकडे येणाऱ्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दोन-दोन पोरांना पंधरा-पंधरा मिनिटं माणसं मोजायला बसवा. जाणारे वेगळे, येणारे वेगळे. शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षकांना विनंती आहे, हे काम राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलांना द्या. भूगोलाचा याहून चांगला प्रात्यक्षिक धडा मला तरी माहीत नाही. एवढी आकडेवारी हातात असली की रुंदीकरणाच्या बैठकीत ओरडावं लागत नाही.

ज्यांच्या घरालगतचा बोळ बंद आहे त्यांना हात जोडून सांगणं आहे: मालकीचा वाद बाजूला राहू द्या, नवरात्रापुरतं फाटक उघडा, रचलेली लाकडं हलवा, दुचाकी आत घ्या. रात्री त्या बोळात एक दिवा लावा. बायका अंधाऱ्या बोळातून जात नाहीत; ती वाट उघडी असूनही बंदच असते. या दहा दिवसांचा अनुभव चांगला आला तर पुढचं पुढे बोलू.

दुकानदार मंडळींनो, तुमची पायरी आणि तुमचा पत्रा दीड हात मागे घ्या. गल्लीच्या कोपऱ्यावरचं दुकान असेल तर आणखी थोडं, कारण गर्दी कोपऱ्यावरच तुंबते. पदपथाची मोकळी रुंदी वस्तीत किमान १.८ मीटर आणि बाजारात अडीच मीटर असावी, असं भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. गावठाणात ती सगळीकडे मिळणार नाही, हे मान्य. पण मिळेल तिथे सोडायला काय हरकत आहे? चालत आलेला माणूसच तुमच्याकडे थांबतो, गाडीवरचा पुढे निघून जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हार-फुलं, ओटीचं साहित्य, खेळणी विकणाऱ्यांना हाकलून द्या, असं कुणी म्हणू नये. यात्रा त्यांच्याशिवाय यात्रा होत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे त्यांच्या जागा ठरवायला नगर पथविक्रेता समिती लागते आणि तिच्यात किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावे लागतात. ती समिती बसवा, त्यांच्याशीच बोलून जागा आखा. अट एकच: कुठल्याही बोळाच्या तोंडाशी आणि देवळाच्या पायऱ्यांशी गाडा नको. नारळ फोडायची जागा वाटेपासून दूर आणि तिथे पाण्याचा निचरा हवा. मांढरदेवचं नाव घेतलं, यापेक्षा अधिक काय सांगू.

देवस्थानाच्या मंडळींना आणि पोलिसांना विनंती की आत जायची वाट आणि बाहेर पडायची वाट वेगळी ठेवा, आणि बाहेरची वाट पुन्हा आतल्या रांगेला कुठेही छेदू देऊ नका. रांगेच्या बांबूंमध्ये ठरावीक अंतरावर उघडता येईल अशी मोकळीक असू द्या. चक्कर आलेल्या बाईला बाहेर काढायला बांबू सोडत बसण्याइतका वेळ नसतो. रुग्णवाहिका कुठल्या रस्त्याने येईल ते आधी ठरवा आणि एकदा तिला आणून दाखवा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या ठिकाणांसाठी सविस्तर मार्गदर्शिका काढली आहे. तहसील कार्यालयातून मागवून घ्या आणि वाचा.

नगरपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांना आणि मुख्याधिकाऱ्यांना दोन गोष्टी. जुन्या गल्लीत नवा सिमेंट रस्ता करताना आधीचा थर खरवडून मगच नवा घाला. थरावर थर चढत गेला की रस्ता उंबऱ्यांच्या वर येतो, पावसाचं पाणी घरात आणि देवळाच्या आवारात शिरतं, लोक दारात विटा-पायऱ्या मांडतात आणि चालायची वाट आणखी चिंचोळी होते. आणि विकास आराखड्याचा मसुदा जेव्हा केव्हा येईल, तेव्हा त्यात गावठाणातले बोळ रेघेने दाखवा. नकाशात जी वाट नाही ती उद्या बांधकाम परवान्यात आपसूक नाहीशी होते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे मसुद्यावर हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते. ती मुदत आपल्याकडे बहुधा निघून गेल्यावर कळते. या वेळी तसं होऊ नये म्हणून आत्ताच प्रत्येक प्रभागातून पाच-पाच नावं द्या, जी माणसं सूचना फलकावर लक्ष ठेवतील.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, रेणुकामातेच्या देवळासमोर जमू. प्रभागवार गट करून प्रत्येक गट आपल्या बाजूच्या सगळ्या वाटा चालून येईल आणि दहा वाजेपर्यंत एकाच मोठ्या कागदावर त्या काढेल: उघड्या निळ्या शाईने, बंद लाल शाईने. तोच कागद सोमवारी नगरपंचायतीत द्यायचा आहे, पोच घेऊन. येताना मोजपट्टी किंवा पाच मीटर दोरी, वही-पेन आणि घरातलं एक म्हातारं माणूस आणा. वाहन आणू नका.